पान कितवं?

न वाचलेल्या पुस्तकावर भाषण करायची वेळ आली, तर निदान एवढी खबरदारी घ्यावी: कवीची आई समोर बसलेली नाही ना, हे आधी बघून घ्यावं. मी ते बघितलं नाही, आणि त्यामुळंच माझी खराडे सरांशी ओळख झाली.

दिवाळी अंकात दोन विनोदी लेख छापून आल्यापासून आमच्या कॉलनीत मी साहित्यिक समजला जातो. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायचा असो की मंडळाचा अहवाल लिहायचा असो, हाक मला येते. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला आहे हे कुणाच्या लक्षात नसतं. कधीकधी खात्याच्याही नसतं. तर मागच्या गल्लीतल्या पोवारांचा पहिला कवितासंग्रह निघाला आणि प्रकाशनाला प्रमुख वक्ता म्हणून मला उभं केलं. पुस्तक आठवडाभर आधी घरी आलं होतं. मी त्याचं मागचं कव्हर वाचलं. मागचं कव्हर वाचलं की आतलं वाचल्याचं पुण्य लागतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

भाषण रंगलं. 'ओघवती शैली' झाली, 'अनुभवांची शिदोरी' सोडून झाली. टाळ्या आल्या. टाळ्या आल्या की माझा तोल जातो. मी म्हणालो, "आणि या संग्रहातली ती आईवरची कविता! खरं सांगतो, वाचताना माझे डोळे पाणावले." कवितासंग्रह म्हटला की आईवर एक कविता असायचीच, असा माझा अंदाज.

मागच्या रांगेतून एक उंच, काटकुळा माणूस उठला. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला टांगलेला चष्मा. अगदी सभ्य आवाजात त्यानं विचारलं, "पान कितवं?"

मी पुस्तक उघडलं. पानं उलटू लागलो. माइक चांगला होता, त्यामुळं माझं पानं उलटणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. म्हशीवर कविता होती. मोटारसायकलवर होती. पंचगंगेच्या पुरावर तर तीन होत्या. पोवार जमिनीकडं बघत होते. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आईनं, ज्यांना एरवी फटाकेही ऐकू येत नाहीत, नेमकं एवढंच ऐकलं. त्या म्हणाल्या, "शंकऱ्या, म्हशीवर लिवलंस, आन् माझ्यावर न्हाई व्हय रं?"

पुढं काय झालं ते मला आठवत नाही. धक्क्यानं माणसाची स्मृती जाते म्हणतात. माझी जायला हवी होती तेवढी मात्र गेली नाही.

घरी येताना स्कूटरवर मागं बसलेली माझी बायको, सुजाता, रंकाळ्यापर्यंत नुसती हसत होती. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "त्ये रविवारी पोरांचा वर्ग घेणारे सर होते न्हवं ओ? ईश्वरीला त्यांच्याकडंच घालूया. बाप तर गेला हातचा, पोरगी तरी वाचायला शिकू दे."

ईश्वरी आमची मुलगी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अशा रीतीनं माझ्या अपमानाचं रूपांतर तिच्या शिक्षणात झालं.

खराडे सर आधी शाळेत, मग कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. काही वर्षांपूर्वी हातकणंगल्याहून आमच्या भागात राहायला आले. घरात एकटेच. दर रविवारी सकाळी तालमीच्या वरच्या खोलीत पोरांचा वर्ग घेतात, फुकट. विषय एकच: पुस्तक परीक्षण कसं लिहावं. खाली पोरं जोर मारत असतात, वर पोरं पुस्तकं घेऊन बसलेली असतात, आणि सर सांगतात की दोन्हीकडं एकच चाललंय.

एकदा मी मागं बसून ऐकलं. सर म्हणाले, "पैलवान आखाड्यात उतरला की पहिलं काय करतो? सलामी देतो. मग? समोरच्याचा पवित्रा बघतो. तुम्ही काय करता? पुस्तक उघडलं की एक तर त्याच्या पाया पडता, नाहीतर डोळे झाकून अंगावर जाता. आधी सांगा, या पुस्तकाला काय करायचं होतं? त्याच्या बाजूनं सांगा. इतकं नीट सांगा की लिहिणाऱ्यानं ऐकलं तर म्हणावं, होय बाबा, हेच. मग विचारा, जमलं का? कुठं जमलं? कुठं हुकलं? पान कितवं? आणि का?"

एक मुलगा म्हणाला, "सर, पण एकूण छान आहे."

"छान," सर म्हणाले, "हा शब्द नाही. ती जांभई आहे. तोंडावर हात धर."

'पान कितवं?' आणि 'का?' एवढ्या दोन प्रश्नांवर हा माणूस जगतो. बाकीचे शब्द तो लोकांकडून काढून घेतो. वाचनीय, हृदयस्पर्शी, अप्रतिम, संग्रही ठेवावे असे: यातला एक जरी शब्द वर्गात उच्चारला तरी सर चष्मा काढून खिडकीबाहेर बघत बसतात, तो शब्द खोलीतून निघून जाईपर्यंत.

हे वर्गापुरतं असतं तर ठीक होतं. पण सर सगळीकडंच तसे. आमच्या ओळखीत एक लग्न झालं. जेवून उठलेले सर थेट मुलीच्या बापासमोर जाऊन उभे राहिले. बाप हात जोडून म्हणाला, "जेवण कसं होतं सर?" आता यावर माणसं काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. सर म्हणाले, "बुंदी उत्तम. पाक आतपर्यंत मुरलेला. भात मोकळा. तांबडा रस्सा मात्र झणझणीत होता, पण का? ते तिखट चवीसाठी होतं की मटण कमी पडल्याचं झाकायला?" मुलीचा बाप आधी लाल झाला, मग पांढरा. कोल्हापुरात दोन्ही रश्श्यांचे रंग एकाच चेहऱ्यावर मी पहिल्यांदा बघितले. आश्चर्य हे की दुसऱ्या मुलीच्या लग्नाला त्यानं आचारी बदलला आणि सरांना न्यायला गाडी पाठवली.

पण मी खरा हादरलो तो शोकसभेत. तालमीचे जुने वस्ताद वारले होते. एकेक जण उठत होता. अत्यंत मनमिळाऊ होते. कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली. सगळे माना खाली घालून घड्याळ बघत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "उदाहरण?"

मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर उदाहरण मागणारा माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता. तालमीची दोन पोरं बाह्या सरसावून मागं वळलीसुद्धा. मग एक म्हातारे पैलवान उठले आणि म्हणाले, "सांगतो की. मी कुस्ती हरलो तवा घरात भाकरी खाईना. वस्ताद आले, आन् काय बोलले न्हाईत. माझ्याच ताटातली निम्मी भाकरी खाल्ली. मग मला राग आला, आन् राहिलेली मी खाल्ली." तिथून जी सभा सुरू झाली ती संपेना. माणसं हसत होती आणि डोळे पुसत होती. सर मागं गप्प बसून ऐकत होते.

घरी आल्यावर मी सुजाताला म्हणालो, "हा माणूस चक्रम आहे." ती म्हणाली, "पान कितवं?"

म्हणजे रोग घरात शिरला होता. ईश्वरीनं माझा दिवाळी अंकातला लेख वाचून विचारलं, "पप्पा, हा विनोद तुम्ही का केलाय?" का म्हणजे? विनोद का करतात? मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. आईच्या पांढऱ्या रश्श्याबद्दल ती म्हणाली, "मम्मी, सुरुवात चांगली आहे, पण शेवटाला मिरी वर येते." सुजातानं तिच्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता संपलं. पण ती एवढंच म्हणाली, "रश्श्याला शेवट नसतोय. वाटी पुढं कर."

सरांच्या घरी मी एकदाच गेलो होतो. बाहेरच्या खोलीत एक दिवाण, वर चादर. मी बसलो आणि उठलो. दगडावर बसल्यासारखं वाटलं. "सर, गादी जरा कडक आहे." सर म्हणाले, "गादी नाहीच. पुस्तकं आहेत." मी समजलो, पाठ्यपुस्तकं असतील. घर स्वच्छ, टापटीप, आणि इतकं शांत की आमच्या घरातून गेलेल्या माणसाला कानात दडे बसल्यासारखं व्हावं.

यंदा सरांनी वर्गाला एक नवीनच काम दिलं. सगळ्यांना एकच पुस्तक. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, सुरुवातीची पानं स्टेपल मारून बंद केलेली. लेखक कोण, नाव काय, काही कळू द्यायचं नाही. "नाव बघून वाचणं म्हणजे जात विचारून पाणी पिणं," असं म्हणाले म्हणे. महिन्याभरानं, पालकांसमोर, प्रत्येकानं आपलं परीक्षण वाचायचं.

ईश्वरी त्या पुस्तकाच्या प्रेमातच पडली. कुणा बाईच्या आठवणी होत्या. घरातच चांदीचं काम चालणारं माहेर, पैंजणांना घुंगरं जोडणाऱ्या बायका, मग लग्न, आणि नवरा शाळामास्तर. ती भाकरी खाताखाता आम्हाला वाचून दाखवायची. "ऐका हं: सासूबाई माझ्या भाकरीला नावं ठेवत, आणि खाताना मोजत नसत." सुजाता फिस्सकन हसली. "आणि हे: मास्तर वर्गात शंभर पोरांना गप्प करतात, आणि मोरीत एका पालीपुढं गप्प होतात. मास्तर आंघोळ करताना गातात, तेवढा वेळ गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत जाऊन बसतात."

मलासुद्धा बाई आवडली. नवऱ्याची टर उडवणाऱ्या बायका दुसऱ्याच्या घरात असल्या की फार गोड वाटतात.

परीक्षणही झकास झालं होतं. फक्त शेवटी मुलगी एकदम कडक झाली होती. तिनं लिहिलं होतं, शेवटचं प्रकरण खोटं आहे, ते वाचून मला राग आला. मला तर अभिमानच वाटला. आपण खोटं बोलून टाळ्या घेतल्या, पोरगी खरं बोलून घेईल.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुजाता ते पुस्तक सहज चाळत होती. मध्येच थांबली. "अहो, ही आमची गल्ली हाय."

"कुठली?"

"हुपरीची. माझ्या माहेरची. ही विहीर, हे मारुतीचं देऊळ, आन् पाटी उलटी लावलेलं दुकान. अजून उलटीच हाय." ती विचार करू लागली. "ही आमची शालाताई असणार. मी ल्हान होते तवा तिचं लगीन झालं, मास्तरशी. ती गेली, आन् वर्षश्राद्धाला पुस्तक वाटलं होतं. आईनं मला लाडवाबरोबर दिलं होतं की." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "अहो, ते पुस्तक आपल्या घरात हाय."

आम्ही कपाट उपसलं. माळा उपसला. शेवटी सुजाता स्वयंपाकघरात उभी राहून घरघंटीकडं बघू लागली. आमची घरघंटी एका पायानं लंगडी. कितीतरी वर्षं तिच्या त्या पायाखाली काहीतरी सरकवलेलं होतं, आणि त्यावर आम्ही ज्वारी, गहू, डाळ, सगळं दळून खाल्लं होतं.

मी घंटी उचलून धरली, तिनं ते ओढून काढलं. पीठ झटकलं. 'घुंगरं जोडताना.' लेखिका, कैलासवासी सौ. शालिनी खराडे. वर्षश्राद्धानिमित्त सप्रेम भेट.

घंटी माझ्या हातातच राहिली.

"खराडे," मी म्हणालो.

"ठेवा ती खाली आधी," सुजाता म्हणाली.

मला तो दिवाण आठवला. चादरीखालचे ते कडक गठ्ठे. मी सरांच्या बायकोच्या पुस्तकावर बसून आलो होतो, आणि वर गादी कडक असल्याची तक्रार करून आलो होतो. आणि तो पालीला भिणारा, मोरीत गाणारा मास्तर? खराडे सर? गाणारे?

ईश्वरीला सांगितलं तेव्हा ती रडली. मी लगेच कामाला लागलो; असल्या प्रसंगी मी फार तत्पर असतो. तिचा शेवटचा परिच्छेद काढून टाकला आणि त्या जागी माझा घातला. 'शेवटचे प्रकरण म्हणजे या पुस्तकाचा कळस होय. ते वाचताना कोणाही सहृदय वाचकाचे डोळे पाणावल्याशिवाय राहणार नाहीत.'

ईश्वरी नाक ओढत म्हणाली, "पण पप्पा, ते प्रकरण खोटंच आहे."

"असू दे की! म्हातारा माणूस. एकटा. बायकोची एवढीच वस्तू राहिली जगात. ती खोटी म्हणून सांगणार हायेस, चार लोकांत?" घाबरलो की माझी भाषा गावाकडं जाते. "आणि श्राद्धाच्या जेवणाला कोण नावं ठेवतं काय?"

मी सुजाताकडं बघितलं. तिनं एरवी मला उडवून लावलं असतं. पण ती त्या पुस्तकावरचं पीठ पदरानं पुसत होती.

रविवारी तालमीची वरची खोली भरली होती. पोवार आपल्या आईला घेऊन आले होते. प्रकाशनापासून म्हातारी त्यांना एकटं कुठं सोडत नाही म्हणे. सर नेहमीच्या पांढऱ्या शर्टात, खिडकीपाशी खुर्चीवर. फक्त हात सारखा चष्म्याच्या दोरीशी खेळत होता. मला आता सगळं माहीत असल्यामुळं त्यांच्याकडं बघवेना.

पहिल्या मुलानं वाचलं, पुस्तक ग्रामीण जीवनाचं दर्शन घडवतं. सर म्हणाले, "दर्शन देवळात. बस." दुसऱ्या मुलीनं चांदीकामाची सगळी माहिती सांगितली, बाईची काहीच नाही. सरांनी तिला हातानंच बसायची खूण केली. मग ईश्वरी उठली.

सुरुवात तिची तिनं लिहिलेली होती. या बाईला काय करायचंय? तिला आपलं दुःख सांगायचं नाहीये, तिला आपल्याला हसवायचंय, आणि दुःख त्या हसण्याच्या मागं बसवून ठेवायचंय. पान तेवीस, सासूबाईंची भाकरी. पान चाळीस, पाल. जिथं बाई मैत्रिणीच्या मरणावर लिहिते, तिथं रडल्याचा उल्लेखच नाही. फक्त त्या दिवशी तिनं जोडलेली घुंगरं वाजत नव्हती, सगळी परत सोडवावी लागली, एवढंच आहे. पान सत्त्याहत्तर. सर डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते. सगळं पुस्तक त्यांना पाठ होतं.

मग तिचा आवाज बारीक झाला. "शेवटचे प्रकरण म्हणजे या पुस्तकाचा कळस होय. ते वाचताना कोणाही सहृदय वाचकाचे…"

सरांनी डोळे उघडले. "पान कितवं?"

ईश्वरीनं कागद उलटा करून बघितला.

"ईश्वरी, हा परिच्छेद तुझा नाही." सर शांतपणे म्हणाले. "इथवर एक मुलगी बोलत होती. आता कुणीतरी सभेत बोलतंय. कोण आहे?"

सगळ्या खोलीनं माझ्याकडं बघितलं. त्यात काही संशयच नव्हता. पोवारांच्या आई मोठ्यांदा म्हणाल्या, "त्योच हाय! डोळे पाणावणारा!"

"तुझं वाच," सर म्हणाले.

"सर, नको."

"का?"

त्या प्रश्नाला आमच्या घरात आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. ईश्वरीनं पिशवीतून तिचा कागद काढला. मी सुजाताचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

ईश्वरी वाचू लागली. "शेवटचं प्रकरण खोटं आहे. त्याची सुरुवात खरी आहे. आजारी बाई अंथरुणावर आहे आणि मास्तर आयुष्यात पहिल्यांदा चहा करतात. साखर विसरतात. ती लिहिते, 'मी सांगितलं नाही, कारण…' पान एकशे बारा. त्या 'कारण'पर्यंत ती आहे. त्याच्यापुढं ती नाही. पुढं लिहिलंय, कारण माझे त्यांच्यावर जिवापाड प्रेम होते. मग ती सगळ्यांचे आभार मानते. सासूबाईंचेसुद्धा. सबंध पुस्तकात ही बाई कुणाची ना कुणाची टर उडवल्याशिवाय पान उलटत नाही, आणि इथं ती एकदाही हसत नाही. ही बाई आभार मानणारी नाही. मला वाटतं, हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. आणि जो लिहितोय त्याला खूप रडू येतंय, पण ते तो तिच्या नावावर टाकतोय. मला राग आला, कारण मला ती बाई आवडली होती, आणि ती मध्येच उठून गेली."

वाचून संपलं. खाली कुणीतरी जोर मारत होतं, त्याचा हुं हुं आवाज तेवढा वर येत होता.

सर उभे राहिले. खिडकीकडं वळले. मला वाटलं, आता चष्मा काढतील. पण चष्मा हातातच होता. ते न वळता म्हणाले, "माझं हाय ते."

वर्गात पस्तीस वर्षं शुद्ध बोललेल्या माणसाची भाषा घरी परत गेली होती.

"'कारण'पर्यंत तिचं. तिथं पेन ठेवलं, म्हणाली, दमले, उद्या लिवते. पुढचं मी लिवलं. पुस्तक अर्धवट कसं छापायचं, म्हणून. वर्षश्राद्धाला वाटलं. सगळे म्हणाले, छान हाय. जो तो म्हणाला, शेवटचं प्रकरण तर काळजाला भिडलं बघा. म्हंजे तिला कुणी वाचलंच न्हाई की वो. वाचलं असतं तर कळलं नसतं काय? मी तिचं सोंग घेऊन उभा हाय ते?"

मग ते ईश्वरीकडं वळले. "इतकी वर्षं धाडस झालं न्हाई पोरांना द्यायचं. तुला कळली ती. व्हय?"

ईश्वरीनं नुसती मान डोलावली.

"फक्त ते 'कारण' काय होतं, ते न्हाई मला कळलं अजून," सर म्हणाले. "साखर न्हाई म्हणून का सांगितलं न्हाई. लई इचार केला."

मी खाली बघत होतो. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून सुजाताचा आवाज आला. मला वाटलं, आता ही काय करते!

"सर, मी सांगू? मी त्याच गल्लीतली. शालाताईला बघितलंय मी." ती उभी राहिली होती. "सांगितलं न्हाई, कारण तुमचा कप अजून भरलेला होता. तुमी घोट घेतल्यावर तोंड कसं करतासा, ते बघायचं होतं तिला."

सर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या छातीतून कसला तरी आवाज निघाला. मी घाबरून उठलोच. पण ते हसत होते. एका हातानं खिडकीचा गज धरून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, तो उंच काटकुळा माणूस गदागदा हसत होता.

"केलं होतं की!" ते म्हणाले. "केलं होतं तोंड वाईट! आन् ती हसली होती! ताप होता अंगात, तरी हसली होती. मला वाटलं, खोकला आला. मी पाणी आणाय पळालो."

पोवारांच्या आईनं शेजारणीला विचारलं, "काय झालं गं?" शेजारीण म्हणाली, "साखर सापडली."

संध्याकाळी घरी घरघंटी लावली तर ती सगळ्या स्वयंपाकघरभर नाचायला लागली. मी गुपचूप माझा दिवाळी अंक आणला आणि तिच्या पायाखाली सरकवला. बरोबर मापाचा निघाला. सुजाता 'घुंगरं जोडताना' मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून वाचत बसली होती. मध्येच हसायची, पदरानं डोळे टिपायची, परत हसायची. मी दोनदा चहाचं विचारलं, तिनं ऐकलं नाही. शेवटी मीच केला.

तिनं घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "हे बघा, माझ्यामागं माझ्यावर काय लिवणार असलासा, तर तुम्हाला घातलेल्या शिव्या तेवढ्या नीट आठवून लिवा. आभारबिभार मानायला लावू नका मला. पोरगी ओळखती."